पत्त्याचा फोटो आणि वीस मिनिटं : इंदूरच्या औषध दुकानदारांना खुलं पत्र

प्रति,
इंदूर शहरातील सर्व औषध विक्रेते व फार्मासिस्ट,
आणि त्यांच्या परवान्यांवर देखरेख ठेवणारं औषध प्रशासन

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात ओळीने तीन रात्री माझ्या डोक्यावरच्या स्लॅबवर पावलं वाजत होती. रात्रीचे दोन, अडीच. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत. वरच्या खोलीत बुऱ्हाणपूरकडचा एक मुलगा भाड्याने राहतो. वय बावीस, भंवरकुआँला कोचिंग लावलंय, तिसऱ्यांदा परीक्षा देतोय. चौथ्या दिवशी मी त्याला चहाला खाली बोलावलं. खुर्चीत बसला आणि लगेच उठला. पुन्हा बसला, पुन्हा उठला. म्हणाला, "काकू, आत कोणीतरी इंजिन चालू ठेवलंय असं होतंय. झोप नाही, बसवत नाही." आधी तो असा नव्हता. उदास असायचा, डबा तसाच परत जायचा, पण शांत होता.

खोदून विचारलं तेव्हा खिशातून पत्ता निघाला. (पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी: आम्ही इंदूरकर गोळ्यांच्या स्ट्रिपला पत्ता म्हणतो.) एस्सिटालोप्राम, म्हणजे नैराश्यावरची गोळी, २० मिलिग्रॅम, नऊ गोळ्या संपलेल्या. डॉक्टर कोण? कोणी नाही. मित्राला त्या गोळ्यांनी बरं वाटलं, म्हणून याने मित्राच्या पत्त्याचा फोटो काढून आमच्याच भागातल्या एका मेडिकलच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. वीस मिनिटांत गोळ्या दारात, वर पंधरा टक्के सूट. मित्र दीड वर्षापासून औषध घेतोय, डॉक्टरांच्या सल्ल्याने चढत चढत वीसपर्यंत आलेला. याने पहिल्याच दिवशी वीस मिलिग्रॅमची घेतली.

त्याच संध्याकाळी त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी मात्रा उतरवली, आठवडाभर रोज फोन करायला सांगितलं, बुऱ्हाणपूरला त्याच्या वडिलांशी स्वतः बोलले. मुलगा आता ठीक आहे. औषध घेतोय, पण त्याच्या मापाचं.

दुसऱ्या दिवशी मी त्या दुकानात गेले. भांडायचं नव्हतं, विचारायचं होतं. काउंटरवरचा मुलगा हसला. "आंटी, टेंशन की गोली है, आजकल सब लेते हैं." मालकांनी हिशेबातून डोकं वर न काढता सांगितलं, "एक-एक पर्चा देखने बैठे तो हो गया धंधा." या दुसऱ्या वाक्यामुळे हे पत्र लिहिते आहे. दुकानाचं नाव लिहिणार नाही. एकाच दुकानाची गोष्ट असती तर तिथेच दोन शब्द सुनावून घरी आले असते.

पत्राची हिंदी प्रत मी स्वतः काउंटरवर आणून देणार आहे. मराठीत यासाठी की रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगरातल्या आपल्या माणसांनीही ते वाचावं. आपल्याकडे गणपतीच्या मांडवात बी.पी.च्या आणि शुगरच्या गोळ्यांची मोठ्याने तुलना चालते. ‘त्या’ गोळ्यांचा पत्ता मात्र पर्सच्या आतल्या कप्प्यात, रुमालाखाली. जे लपवून घ्यायचं त्याबद्दल प्रश्न कोण विचारणार? तुम्ही सांगत नाही, आम्ही विचारत नाही, आणि दोघांचंही वर्षानुवर्षं बरं चाललंय असं दिसतं.

माझा या सगळ्याशी संबंध काय, तेही सांगते. ३१ वर्षं मी बारावीला रसायनशास्त्र शिकवलं. सहा वर्षांपासून मी स्वतः वेनलाफॅक्सिन घेते. ते सुरू होण्याआधी पाच महिने खिडकीचा पडदा उघडला नव्हता. आंघोळ हे डोंगराएवढं काम वाटायचं. या गोळीने मला पुन्हा माणसांत आणलं. तेव्हा हे पत्र नैराश्यावरच्या औषधांविरुद्ध आहे असं कोणी समजू नये, आणि हे वाचून कोणी आपली गोळी तर अजिबात बंद करू नये. डॉक्टरांना न विचारता बंद केली की काय होतं, ते पुढे येईलच.

आता आईची गोष्ट. ती सविस्तर सांगते, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यात आहे.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत बाबा गेले. आई तेव्हा ७९ वर्षांची. एप्रिलपर्यंत तिचं जेवण दोन घासांवर आलं. पहाटे तीनला उठून देवघरासमोर बसून राहायची, समई न लावता. डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम सुरू केली, अगदी लहान मात्रेत. निर्णय बरोबरच होता. बी.पी.ची गोळी ती बारा वर्षांपासून घेत होती, दुसऱ्या डॉक्टरांची. त्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड होतं, म्हणजे लघवीवाटे शरीरातलं मीठ-पाणी बाहेर काढणारं औषध.

तिसऱ्या आठवड्यात आई पेंगायला लागली. डोकं दुखतं म्हणाली, मळमळतं म्हणाली. मे महिना, बाहेर बेचाळीसचं ऊन. शेजारच्या बाईंनी लगेच निदान केलं, "लू लग गई है." आम्हालाही पटलं. कैरीचं पन्हं, पाणी, पुन्हा पाणी. तासातासाला मी पेला तिच्या ओठांना लावत होते, आणि बी.पी. आहे म्हणून पन्ह्यात मीठ घालत नव्हते. चौथ्या दिवशी तिने मला मावशीच्या नावाने हाक मारली, "हे ऑफिसातून आले का?" असं विचारलं, आणि बाथरूमच्या दारात पडली.

दवाखान्यात रक्त तपासलं. सोडियम ११८. ते १३५ ते १४५ असायला हवं.

तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं. या गटातल्या गोळ्यांमुळे काही जणांच्या, विशेषतः वयस्कर माणसांच्या, शरीरात पाणी अडून राहतं आणि रक्तातलं सोडियम विरळ होत जातं. बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच. जोडीला मीठ बाहेर टाकणारी बी.पी.ची गोळी असली की धोका आणखी वाढतो. आणि वरून मी पाणी ओतत होते. द्रावणाची संहती आयुष्यभर फळ्यावर शिकवणारी मी, स्वतःच्या आईच्या रक्तात पाणी वाढवत बसले होते. सोडियम झटपट वर आणता येत नाही, घाई केली तर मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून चार दिवस अतिदक्षता विभागात थेंबाथेंबाचा हिशेब चालला. आई घरी आली. मनगट मोडलं होतं, ते वाकडंच जुळलं. आता तिला दुसरी गोळी चालू आहे, बी.पी.चीही बदलली, आणि समई पुन्हा लागते.

मनोविकारतज्ज्ञांनी बाकीच्या औषधांबद्दल विचारलं होतं. आम्ही सांगितलं, "बी.पी.ची एक गोळी चालू आहे." नाव कोणाला माहीत होतं? बी.पी.च्या डॉक्टरांना तर नव्या गोळीचा पत्ताच नव्हता. या दोन गोळ्यांची गाठ पहिल्यांदा पडली ती तुमच्या काउंटरवर. एकाच बिलावर, एकाखाली एक छापलेल्या. ते बिल मी जपून ठेवलंय. हृदयाचा डॉक्टर हृदयाचं लिहितो, हाडांचा हाडांचं, मनाचा मनाचं. घरच्यांना नावं वाचता येत नाहीत. एका माणसाची सगळी औषधं एका जागी दिसतात ती फक्त तुम्हाला. म्हणून हे पत्र डॉक्टरांच्या आधी तुम्हाला.

आता तक्रारी, जशा सुचतील तशा.

पहिली अर्थात पत्त्याच्या फोटोची. या गोळ्या शेड्यूल एचमधल्या आहेत. नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, हे पत्त्यावरच छापलेलं असतं. लाल रेघ ओढलेली असते. १९४५ च्या औषध नियमांतला नियम ६५ सांगतो की चिठ्ठी लेखी, सहीची आणि तारखेची हवी, आणि पुन्हा द्या असं डॉक्टरांनी लिहिलं नसेल तर ती एकदाच वापरायची. फोटोतल्या पत्त्यावर यातलं काही नसतं. गोळी कोणाची, वय काय, कितवा महिना, काहीच नाही. वय का महत्त्वाचं? २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मुलं आणि किशोरवयीन रुग्णांच्या बाबतीत या औषधांच्या वेष्टनावर सर्वांत कडक, चौकटीतला इशारा सक्तीचा केला, आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला: उपचाराच्या सुरुवातीला आणि मात्रा बदलताना जीव नकोसा होण्याचे विचार वाढू शकतात, तेव्हा जवळून लक्ष ठेवा. याचा अर्थ तरुणांना गोळी देऊ नका असा नाही. पुष्कळ मुलं त्यांनीच सावरतात. पण पहिले काही आठवडे कोणीतरी त्यांच्याकडे बघत असलं पाहिजे. मन हलकं व्हायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. बेचैनी मात्र पहिल्याच आठवड्यात येऊ शकते. भंवरकुआँच्या खोल्यांमध्ये एकट्या राहणाऱ्या मुलांकडे कोण बघतं? माझ्या छतावर पावलं वाजली, म्हणून मला कळलं. जमिनीवर फतकल मारून बसणारा मुलगा असता तर कळलंही नसतं.

दुसरी तक्रार बदललेल्या गोळीची, आणि इथे माझीही चूक आहे, कारण फोटो पाठवून मागवणाऱ्यांत मीही होते. दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आठवड्यात, माझ्या ७५ मिलिग्रॅमच्या पत्त्याचा फोटो मी नेहमीच्या दुकानाला पाठवला. पाकीट आलं. तीच कंपनी, तसाच रंग, पत्ते मात्र नेहमीपेक्षा जास्त. मला वाटलं, दिवाळीची काहीतरी स्कीम असेल. त्या गोळ्या साडेसदतीसच्या होत्या. पंचाहत्तरची संपली होती, म्हणून दुप्पट पत्ते दिले आणि ‘दोन-दोन घ्यायच्या’ असं दुकानातल्या मुलाने गाडीवरच्या मुलाला सांगितलं होतं म्हणे. गाडीवरच्या मुलाने पाकीट दिलं, पैसे घेतले आणि गेला. फराळाच्या गडबडीत मी पत्त्यावरचा आकडा वाचला नाही.

नऊ दिवस मी अर्ध्या मात्रेवर होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चक्कर सुरू झाली. मग ते विचित्र झटके: डोळे डावीकडून उजवीकडे वळवले की डोक्यात वीज चमकून जायची, बारीक ‘झूंऽ’ असा आवाज यायचा. रात्री भलतीसलती स्वप्नं. चकलीच्या पिठात मोहन कमी पडलं म्हणून मी सुनेवर जी ओरडले, ते आठवलं की अजून मान खाली जाते. मला वाटलं, आजार परत आला. या गोळ्या झटकन कमी केल्या किंवा तोडल्या की शरीर असं वागतं आणि ते आजार उलटण्यासारखंच दिसतं, हे मला तोपर्यंतच्या चार वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

गंमत अशी की याचं कारण मी स्वतःच वर्गात शिकवत आले. अर्धआयु. पदार्थ निम्मा व्हायला किती वेळ लागतो, एवढंच. फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचंच दुसरं औषध शरीरातून दिवसांच्या हिशेबाने उतरतं, त्यामुळे ते थांबवताना धक्का सहसा कमी बसतो. वेनलाफॅक्सिन आणि पॅरोक्सेटिन तासांच्या हिशेबाने उतरतात. एक दिवस चुकला तरी शरीर आठवण करून देतं. म्हणून ही औषधं पायरी-पायरीने, काही आठवडे घेऊन, कधी महिने घेऊन उतरवायची असतात. तुमच्या दृष्टीने पंचाहत्तरऐवजी साडेसदतीसच्या दोन, हिशेब बरोबर होता. फक्त सांगायचं राहिलं. नियम ६५ तर त्याहून कडक आहे: शेड्यूल एचच्या चिठ्ठीवर जे लिहिलंय त्याच्या जागी दुसरं काही, अगदी तेच औषध दुसऱ्या कंपनीचं असलं तरी, परस्पर द्यायचं नाही. ‘सेम है, कंपनी अलग है’ हे वाक्य तुम्ही दिवसातून किती वेळा म्हणता, मोजून पाहा एकदा.

तिसरी. नैराश्याची गोळी घेणारा माणूस तुमच्याकडून फक्त तीच गोळी घेत नाही. गुडघा दुखतो, डायक्लोफेनॅक द्या. डोकं दुखतं, आयबुप्रोफेन द्या. एस्सिटालोप्राम-सर्ट्रालिन गटातल्या गोळ्यांसोबत ही वेदनाशामकं किंवा अ‍ॅस्पिरिन रोज चालली तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. शौच काळी होऊ लागली तरी लोक जांभळं खाल्ली असतील म्हणून सोडून देतात. ट्रॅमाडॉल हे दुखण्याचं औषध, कित्येक कोरड्या खोकल्याच्या औषधांतलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, लिनेझोलिड हे अँटिबायोटिक, यांची या गोळ्यांशी गाठ पडली तर सेरोटोनिन, म्हणजे या गोळ्या मेंदूतलं जे रसायन वाढवतात ते, भलतंच वाढून थरथर, घाम, ताप, जुलाब, स्नायू झटके देणं, गोंधळ असं चित्र उभं राहू शकतं. दर वेळी होतं असं नाही. पण खोकल्याचं औषध देताना "और कौन-सी दवाई चल रही है?" एवढं विचारायला किती सेकंद लागतात?

चौथी लहान आहे, पण बायकांना विचारा. दुकानात आठ माणसं उभी असताना आतल्या मुलाला ओरडून "आंटी की दिमाग़वाली निकाल" असं म्हणू नका. त्यानंतर ती बाई तुमच्या दुकानात येत नाही. कधी कधी दुसऱ्या दुकानातही जात नाही; गोळीच सोडते.

आणि सूट. तीन महिन्यांचं एकदम घ्या, वीस टक्के कमी. बी.पी.च्या गोळ्यांवर द्या खुशाल. पण नुकतं औषध सुरू झालेल्या, मनाने खचलेल्या माणसाच्या घरात नव्वद गोळ्यांचा साठा कशाला? अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारखी नैराश्यावरची जुनी औषधं जास्त मात्रेत हृदयाला घातक ठरतात. पहिले दोन-तीन महिने डॉक्टर मुद्दाम पंधरा-पंधरा दिवसांचं लिहितात, त्याला कारण असतं. तुमची स्कीम ते कारण पुसून टाकते.

डॉक्टरांनाही दोन शब्द, लांबण न लावता. चिठ्ठी सुवाच्य लिहा. बाकीच्या औषधांची नावं तोंडी विचारू नका, पत्ते आणायला सांगा. साठीच्या पुढच्यांना गोळी सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांनी सोडियम तपासायला लिहा, विशेषतः बी.पी.ची मीठ काढणारी गोळी चालू असेल तर. मागे कधी घरात कोणाला अति उत्साहाचे, उधळपट्टीचे, झोप न घेता फिरण्याचे झटके आले होते का, हे विचारा. तसं असेल तर नुसत्या नैराश्याच्या गोळीने माणूस दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. आणि शारीरिक संबंधांवर परिणाम होतो, हे आधीच सांगा. नवराबायको दोघंही ते कोणाला सांगत नाहीत आणि एक दिवस गोळी गटारात जाते.

पुन्हा तुमच्याकडे वळते. तुम्ही म्हणाल, आम्ही दुकानदार, सल्ला देणं डॉक्टरांचं काम. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची २०१५ ची फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स तसं म्हणत नाहीत. रुग्णाशी बोलणं हे त्यात फार्मासिस्टचं काम म्हणून लिहिलेलं आहे: औषध कशासाठी, किती दिवस, कोणती खबरदारी, कोणते दुष्परिणाम, कशासोबत घ्यायचं नाही, कसं ठेवायचं, आणि एखादी मात्रा चुकली तर काय करायचं. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार औषध देणारा हात नोंदणीकृत फार्मासिस्टचा असायला हवा. आपल्या शहरातल्या किती दुकानांत भिंतीवर प्रमाणपत्र एकाचं आणि काउंटरवर हात दुसऱ्याचा आहे, हे मला सांगायची गरज नाही. औषध प्रशासनाला तर नाहीच नाही.

दर वर्षी स्वच्छतेचा नंबर लागला की आपण साऱ्या देशाला सांगत फिरतो. ओला कचरा, सुका कचरा वेगळा ठेवायला या शहराने घराघराला शिकवलं, तेही कचऱ्याच्या गाडीवरच्या गाण्याने. तेव्हा इंदूरकर शिकत नाहीत, हे कारण मला कोणी सांगू नये.

माझ्या मागण्या.

पत्त्याच्या फोटोवर या गोळ्या देणं बंद करा. फोटो मागायचाच असेल तर चिठ्ठीचा मागा, तारखेसकट.

गोळीची मात्रा, कंपनी किंवा प्रकार बदलावा लागला तर डॉक्टरांना फोन करा. त्यांनी होकार दिला तर पाकिटावर पेनाने मोठ्या अक्षरात लिहा, आणि ग्राहकाशी स्वतः बोला. गाडीवरच्या मुलाच्या हाती निरोप देऊ नका. त्याला पुढची डिलिव्हरी गाठायची असते.

बाकी काय चालू आहे, हे दर वेळी विचारा. बिल संगणकावरच निघतं, मागची बिलं त्यातच असतात. नजर टाका.

सुरुवातीच्या महिन्यांत डॉक्टरांनी लिहिलंय तेवढंच द्या. उलट जुन्या, स्थिर रुग्णाच्या गोळ्या संपत आल्या की त्याला आठवण करा. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पत्ता रिकामा सापडू नये.

प्रशासनाला: दुकान तपासायला याल तेव्हा रजिस्टरसोबत काउंटरवर कोण उभं आहे तेही बघा. आणि हेही लोकांना कळू द्या की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे आवश्यक औषधांच्या यादीतली या आजारांची औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सरकारी रुग्णालयांत मोफत आणि सदैव मिळायला हवीत. तिथला साठा संपला की गरीब माणसाची गोळी एका दिवसात तुटते, आणि ती अशी तुटू नये हे वर लिहून झालंय.

शेवटची मागणी एका कागदाची. खालचा मजकूर मी लिहिला, एका मनोविकारतज्ज्ञांकडून तपासून घेतला. हिंदीत आणि मराठीत छापणार आहे. प्रत्येक पत्त्यासोबत पाकिटात टाका:

"ही गोळी लगेच काम करत नाही. दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त. सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी, थोडी बेचैनी होऊ शकते. पण झोप पूर्ण उडाली, एका जागी बसवेना, जीव नकोसा वाटण्याचे विचार आले किंवा वाढले, अथवा उलट झोपेशिवायही भलताच उत्साह आणि बडबड सुरू झाली, तर वाट न पाहता डॉक्टरांना कळवा. घरातल्या एका माणसाला हे सांगून ठेवा. वयस्कर माणसाला गुंगी, गोंधळ किंवा तोल जाणं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, सोडियम तपासा. बरं वाटलं म्हणून एकदम बंद करू नका. बरं वाटल्यावरही बरेच महिने घ्यावी लागते. एक गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका. दुखण्याची, सर्दी-खोकल्याची किंवा जडीबुटीची कोणतीही औषधं घेण्याआधी ही गोळी चालू असल्याचं सांगा. दारू टाळा. गुंगी येत असेल तर गाडी चालवू नका. दिवस गेले असतील तर स्वतःहून थांबवू नका, डॉक्टरांना सांगा. आपली गोळी दुसऱ्याला देऊ नका, दुसऱ्याची घेऊ नका. कपाटात कुलपाखाली ठेवा. मन फार खचलं तर टेली-मानस हेल्पलाइन, १४४१६, रात्री-अपरात्रीही. दुष्परिणाम कळवायला १८००-१८०-३०२४."

सोमवारी सकाळी अकरापासून मी निघेन, आमच्या गल्लीपासून सुरुवात करून, जमेल तसं आर. एन. टी. मार्गावरच्या दवा बाजारापर्यंत. वरचा मुलगा गठ्ठे उचलायला सोबत येतोय. परीक्षेला अजून वेळ आहे म्हणतो. ज्यांना हे कागद ठेवायचे नसतील त्यांनी तसं तोंडावर सांगावं, मी वाईट वाटून घेणार नाही, फक्त का ते विचारेन. संपले की कळवा, आणखी छापून आणून देईन. माझा पत्ता तुमच्याकडे आहेच, दोन्ही अर्थांनी.

आपली जुनी ग्राहक,
एक निवृत्त शिक्षिका
लोकमान्य नगर, इंदूर